विंचू उतरतो कसा?

॥ श्री गजानन प्रसन्न ॥



आज चिंतनाला ओवी नाही, भारूड घेतलंय. नाथ महाराजांचं विंचवाचं भारूड. तुमच्यापैकी निम्म्यांनी ते शाळेच्या गॅदरिंगमध्ये लुगडं नेसून केलं असणार, उरलेल्यांनी गणपतीत पाहिलं असणार. सोंग घेतलेला पोरगा स्टेजवर लोळतो, विव्हळतो, लोक हसून हसून बेजार होतात आणि त्या हसण्यात अर्थ निसटून जातो. खरं तर नाथांनी तो लपवलेलाच नाही. हा विंचू म्हणजे काम आणि क्रोध. त्यानं नांगी मारली की घाम फुटतो, प्राण कासावीस होतो, अंगभर आग होते. उतारा काय, तर तमोगुण मागे सारायचा आणि सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा. त्यानं विंचू भराभर उतरतो. पण शेवटी नाथ एक गोष्ट सांगतात, जी स्टेजवरच्या गोंधळात कुणी ऐकत नाही. विंचू उतरल्यावरसुद्धा थोडी चुणचुण उरते, आणि ती जनार्दन शांत करतात. या चुणचुणीकडे मी नंतर येतो.

मला आधी एक वेगळाच प्रश्न पडला. नाथांनी विंचूच का घेतला? साप का नाही? सोळाव्या शतकातल्या पैठणला साप काही कमी नसतील.

साप चावल्यावर काय होतं बघा. नागाचं किंवा मण्यारीचं विष मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचूच देत नाही. पापण्या जड होतात, जीभ अडखळते, शेवटी श्वास घेणारे स्नायूही निरोपाविना थांबतात. माणूस विझत जातो. विंचवाचं बरोबर उलटं आहे. तिथं निरोप थांबतच नाही. माणूस तडफडतो. आता सांगा, रागात आपण विझतो की तडफडतो?

हे नीट कळायला निरोप मुळात जातो कसा ते बघावं लागेल. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, प्रोटोकॉल समजल्याशिवाय मला चैन पडत नाही. पाच मिनिटं सहन करा.

आपल्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. चेतापेशीला एक लांब शेपूट असतं, ज्यातून निरोप जातो. कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारं शेपूट जवळजवळ एक मीटर भरतं, आणि ती एकच पेशी असते. पेशीच्या आत आणि बाहेर विजेचा फरक असतो, सुमारे ७० मिलिव्होल्ट. टीव्हीच्या रिमोटमधला सेल दीड व्होल्टचा, त्याच्या विसाव्या भागाहूनही थोडा कमी. बाहेर सोडियम भरपूर (आपल्या मिठातलंच), आत कमी. आणि पेशीच्या भिंतीत सोडियमसाठी बारीक बारीक दारं. निरोप आला की एक दार उघडतं, सोडियम आत घुसतो, त्यामुळे शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं. वारीत मागच्या दिंडीतून जयघोष उठतो आणि लाटेसारखा पुढच्या दिंडीपर्यंत जातो, तसं. घोष घेऊन कुणी पळत नाही. प्रत्येकजण आपल्या जागी असतो, घोष मात्र पुढे जातो.

इथली खरी गंमत दार उघडण्यात नाही, ते मिटण्यात आहे. उघडलेलं दार साधारण एका मिलिसेकंदात आपोआप बंद होतं. ते मिटलं तरच पेशी पुन्हा शांत होते आणि पुढच्या निरोपाला तयार होते. देहातल्या प्रत्येक निरोपात 'आता पुरे' हा भाग आधीपासूनच घातलेला आहे.

शेपटाच्या टोकाला मात्र रस्ता संपतो. पुढची पेशी चिकटलेली नसते. मध्ये फट असते, मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांएवढी. बहुतेक ठिकाणी वीज ही फट ओलांडत नाही. तिथं रसायनाच्या पुड्या फुटतात, रसायन पलीकडे जातं, पलीकडच्या पेशीवर त्याच्या मापाची कुलपं असतात. किल्ली बसली की निरोप पोचला.

हे कुणाला कसं कळलं? ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ओटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. निरोप रसायनानं जातो असा त्यांना संशय होता, पण सिद्ध कसं करायचं ते सुचेना. एका रात्री स्वप्नात प्रयोग दिसला. उठून चिठ्ठीवर खरडलं, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री पहाटे तीनला तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी त्यांनी चिठ्ठीवर विश्वास ठेवला नाही, तडक प्रयोगशाळा गाठली. बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्या हृदयाला जाणारी व्हेगस नर्व्ह विजेनं चेतवली, ते हृदय मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर घातलं. नर्व्ह न लावता तेही मंदावलं! म्हणजे शांत होण्याचा निरोप त्या द्रवात उतरला होता. ही १९२१ ची गोष्ट, १९३६ मध्ये लोवींना नोबेल मिळालं. व्हेगस हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक. किल्ली कुलपात बसली की काम झालं असं नाही, ती काढूनही घ्यावी लागते. काही रसायनं त्या फटीतच तोडून टाकली जातात. नॉरॲड्रेनलिनसारखी काही रसायनं मुख्यतः ज्या पेशीनं पाठवली तीच परत ओढून घेते. पाठवणाऱ्यानंच आवरायचं!

आता विंचू.

लाल विंचवाचं विष सोडियमच्या त्या दारांवर जाऊन बसतं आणि त्यांना मिटू देत नाही. बस, एवढंच. ते नवीन निरोप तयार करत नाही. आपलाच निरोप, आपलीच दारं, फक्त 'आता पुरे' निघून जातं. ज्यांनी ऑन-कॉल ड्यूटी केलीय त्यांना चित्र लगेच दिसेल: एकच अलर्ट, तो बंद होत नाही, मिनिटाला शंभर वेळा तोच येतोय आणि त्या भारानं चांगला चालणारा सर्व्हर झोपतोय. शरीरात नॉरॲड्रेनलिन आणि ॲड्रेनलिनचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. माणूस जातो तो विषाच्या थेंबापेक्षा स्वतःच्याच पुरानं जास्त.

हे ज्यांनी जगाला नीट समजावून सांगितलं ते डॉ. हिम्मतराव बावस्कर. गाव जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं, म्हणजे आमच्या बुलडाणा जिल्ह्याला लागूनच, त्यामुळे थोडा अभिमान मीही उसना घेतो. १९७६ च्या सुमारास ते रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात विंचू चावून धडधाकट माणसं, लहान लेकरं दगावत होती. त्यांनी काय केलं? रुग्णाजवळ बसून राहिले. घाम कधी फुटतो, उलटी कधी होते, नाडी, रक्तदाब, सगळं टिपत राहिले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं निरीक्षण छापून आलं. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात उपाय आला: प्राझोसिन. ही मुळात रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबत त्यांनी हे काम पुढे वर्षानुवर्षं चालवलं. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी तीस टक्क्यांपर्यंत दगावायचे, ते प्रमाण एक ते चार टक्क्यांच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मी जेव्हा पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा दोन गोष्टींवर थांबलो. पहिली, घाम. डॉक्टर ज्याला धोक्याची पहिली खूण म्हणतात, तोच घाम नाथांच्या भारुडात आहे. त्यात चमत्कार शोधू नका. नाथांनी विंचू चावलेली माणसं डोळे उघडे ठेवून पाहिली होती, इतकाच त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. प्राझोसिन विषाला हात लावत नाही. पुरालाही थांबवत नाही. ते फक्त रक्तवाहिनीवरच्या कुलपात जाऊन बसतं. निरोप ओरडत येतो, कुलूप त्याला मिळत नाही. रक्तवाहिनी सैल पडते, हृदयाला श्वास मिळतो. पाठवणारा तिकडं अजून पेटलेलाच आहे, पण घेणारा शांत आहे, आणि तेवढ्या वेळात शरीर विष निस्तरतं. (आता विंचवावरचं प्रतिविषही मिळतं. बावस्करांच्याच २०११ च्या अभ्यासात प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलेले रुग्ण लवकर सावरले.)

इथं एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण हा ब्लॉग गावाकडचेही वाचतात. भारुडातला अंगारा क्रोधासाठी आहे. खरा विंचू चावला तर दवाखाना. सोयाबीनच्या गंजीखाली, पऱ्हाटीच्या ढिगात, अंगणातल्या चपलेत विंचू असतो. लेकराला चावला आणि घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मंत्र-उताऱ्यात तासभर घालवू नका. बावस्करांचं एक निरीक्षण तर फार सावध करणारं आहे. चावल्या जागी नुसत्या भयंकर वेदना असतील, अंगात बाकी काही नसेल, तर बहुधा जिवाला धोका नसतो. ज्याला जागेवर फारसं दुखत नाही पण घाम सुटलाय, त्याच्याकडे आधी धावायचं. महाराजांचं नाव गाडीत घ्या. नामाला गाडी आडवी येत नाही.

असो. मागच्या आठवड्यात एका ताईंनी लिहिलं होतं, त्यांना विचारून, नाव न घालता, इथं मांडतो. त्या पुण्यात नोकरी करतात, भाऊ गावी. आईच्या आजारपणाच्या खर्चावरून घरच्या ग्रुपवर बोलाबोली झाली. भावानं लिहिलं, "शहरात बसून सल्ले द्यायला काय जातं." ताईंचे हात थरथरले, घाम फुटला, त्या रात्री झोप नाही. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. राखी गेली नाही. आई दोघांमध्ये बसून आहे. ताई रोज जप करतात, दर गुरुवारी 'श्री गजानन विजय'चा एक अध्याय वाचतात. त्यांचा प्रश्न: "तरी तो मेसेज आठवला की पुन्हा तसंच होतं. मग माझा जप वाया गेला का?"

ताई, आधी शरीराची बाजू घेतो. भावाचा शब्द वाचला आणि घाम फुटला, यात तुमचं पाप काही नाही. मेंदूचा खोलवरचा भाग विचार पूर्ण व्हायच्या आधी धोक्याचा निरोप सोडतो. मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. लाल विंचवाच्या पुरात जी रसायनं असतात तीच ही, फक्त मात्रा कमी. वाघापासून पळायला देवानं दिलेली सोय व्हॉट्सॲपवर चालू होते, एवढंच. पण ॲड्रेनलिन रक्तात काही मिनिटांतच ओसरायला लागतं. दारं मिटायला तयार असतात. मग दोन तासांनी, दोन महिन्यांनी तीच आग कुठून येते?

दार कुणीतरी धरून ठेवलंय. इथं विष नाही, तरी दार उघडं आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ६२ आणि ६३ व्या श्लोकांत, भगवंतांनी हीच साखळी सांगितलीय. आपण घाईत क्रोधापासून सुरुवात करतो, भगवंत खूप मागून करतात. आधी एखाद्या विषयाचं चिंतन, त्यातून ओढ, ओढीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, क्रोधातून भ्रम, मग स्मृती ढळते, मग बुद्धी जाते. पहिली कडी आहे पुन्हा पुन्हा मनात घोळवणं. ताई, तुम्ही त्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवलाय, तसं लिहिलंय तुम्ही, "पुरावा म्हणून". विंचू डबीत घालून पर्समध्ये ठेवल्यासारखं आहे ते. भावानं एकदाच लिहिलं. त्यानंतरच्या प्रत्येक वेळी डबी कुणी उघडली?

हे टोचेल, पण त्यातच सुटका आहे. पेशी आपलंच रसायन आपणच परत ओढून घेते, हे वर सांगितलं. भावानं शब्द मागे घ्यावेत ही वाट बघणं म्हणजे विंचवानं येऊन विष परत न्यावं अशी अपेक्षा. आपल्या बाजूनं गेलेलं, मनात घोळवलेलं, आपण मागे घेऊ शकतो. तमोगुण मागे सारा असं नाथ म्हणतात तेव्हा मला हे परत ओढून घेणं दिसतं. स्क्रीनशॉट डिलीट करणं हीसुद्धा आजची साधना होऊ शकते, हसू नका.

आणि सत्त्वाचा अंगारा? तो मला प्राझोसिनसारखा वाटतो. त्यानं समोरचा गप्प होत नाही, जग सुधारत नाही. तो आपल्या कुलपावर बसतो. शब्द येतात, ऐकू येतात, कळतातही, पण आतली वाहिनी आवळत नाही. सात्त्विक माणसाला राग दिसत नाही असं थोडंच आहे, त्याला तर आपल्यापेक्षा स्वच्छ दिसतो.

हा अंगारा नामानं कसा लागतो याची थोडी खूण शरीरातही दिसते. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हचा जोर वाढतो आणि हृदय किंचित मंदावतं, लोवींच्या बेडकासारखंच. मोठ्यानं नाम घेताना आपण लांब उच्छ्वास सोडतो. २००१ मध्ये ल्युसिआनो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 'बीएमजे'मध्ये एक अभ्यास छापला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदय-रक्तदाबाचा ताळमेळ सुधारला. छान आहे. पण मंडळी, कृपा करून नामाला ब्रीदिंग ॲप करू नका. नाम भगवंताचं आहे म्हणून घ्यायचं. व्हेगस खूश होते हा वरचा प्रसाद.

ताई, म्हणून तुमचा जप वाया गेलेला नाही. तो फक्त वेळेवर येत नाही. सकाळी साडेसहाला नाम आणि रात्री साडेदहाला ग्रुप, मधे सोळा तास. मेसेज उघडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत नाम येऊ द्या, बोटं की-बोर्डवर जायच्या आधी. पूर तेवढ्यात पुष्कळ ओसरतो. उत्तर द्यायचं तर त्यानंतर द्या. बरोबर-चूक तेव्हा ठरवा. भावाचं चुकलं असेल तर ते दोन मिनिटांनीही चुकलेलंच राहील.

'श्री गजानन विजय'च्या सहाव्या अध्यायातला प्रसंग तुम्हाला पाठ असेल. बंकटलालाच्या मळ्यात मक्याची कणसं भाजायला आगट्या पेटल्या, धुरानं माश्या उठल्या आणि कणसं खायला जमलेली सगळी मंडळी पळाली. महाराज बसून राहिले. अंगभर काटे रुतले. ते काटे श्वास रोखताच कसे वर आले, हे मी मज्जातंतूंच्या भाषेत समजावणार नाही, तो माझा प्रांत नाही. मला त्यापुढचं जास्त मोलाचं वाटतं. महाराज ना माश्यांवर चिडले, ना पळालेल्यांवर. जे झालं ते सांगितलं, संकटात आपलं कोण उरतं ते सांगितलं, आणि विषय तिथं संपला. दुसऱ्या दिवशी शेगावात कुणाचा हिशेब काढला नाही. काटे आपल्यालाही रुततात. आपण ते सांभाळून ठेवतो.

राहिली ती चुणचुण.

नाथांसारखा अधिकारी पुरुष, तरी लिहिताना 'सगळं साफ झालं' असं म्हणत नाही. सत्त्वगुण लावला, तमोगुण सारला, तरी थोडं उरलंच. ते त्यांनी सद्‌गुरूंवर सोपवलं. जनार्दन हे त्यांच्या देवगिरीच्या गुरूंचं नाव आणि भगवंताचंही, दोन्ही अर्थ त्यात आहेत. वेदनेचे काही तंतू मुळातच संथ असतात. तीव्र कळ पटकन पोचते, मागून येणारी जळजळ सेकंदाला मीटरभर किंवा त्याहूनही हळू चालते आणि रेंगाळते. मनाचंही तसंच असावं. ते रेंगाळणं म्हणजे साधना फसली असं नव्हे, तेवढं आपल्या हातातलं नसतं.

म्हणून ताई, चुणचुण पूर्ण जाईपर्यंत फोन करायचा थांबू नका. खर्चाचा हिशेब नंतर बसून करा, तो करायलाच हवा, आणि तुमची बाजू तुम्ही मांडायलाच हवी. आईला मात्र या आठवड्यात तुमचा दोघांचा आवाज एका खोलीत ऐकू येऊ द्या, स्पीकरवर का होईना. राखी हुकली. भाऊबीज अजून यायची आहे.

उद्या गीतेच्या सहाव्या अध्यायातला अर्जुनाचा प्रश्न घेऊ, मन वाऱ्यासारखं आहे म्हणतो तो.

जय गजानन.